'डूलाली' म्हणजे आपली देवळालीच का?

लीड्सवासी :
नमस्कार मंडळी. दर गुरुवारी सकाळी मी इथल्या (इंग्लंडमधल्या लीड्सच्या) एका हॉलमध्ये चहा करायला जाते. येणारे सगळे पंचाहत्तरीच्या पुढचे, दोघी तर नव्वदीला टेकलेल्या. सुरुवातीला मी नुसत्या कपबश्या विसळायचे, आता खुर्ची ओढून गप्पांत बसते. आणि गप्पा म्हणजे लहानपण, दुसरं काही नाही. कोळशाची पोती खांद्यावरून तळघरात ओतणारा माणूस, अंगणाच्या टोकाचा संडास आणि तिथे खिळ्याला टोचलेले वर्तमानपत्राचे चौकोन, सोमवारचं धुणं.

गेल्या गुरुवारी एक आजी (मी मनात आजी म्हणते, तोंडावर नावाने हाक मारावी लागते, बारा वर्षं झाली तरी जीभ अडखळते) चष्मा शोधत होत्या. चष्मा डोक्यावर. सापडल्यावर म्हणाल्या, 'आय हॅव गॉन डूलाली', म्हणजे माझं डोकं फिरलंय. शेजारच्या आजोबांनी तर्जनीने स्वतःच्या कपाळावर दोनदा टकटक केलं आणि पुस्ती जोडली, 'डूलाली टॅप!' सगळे हसले.

शब्द कुठला म्हणून विचारलं तर कुणालाच माहीत नाही. आजी म्हणाल्या, आमचे वडील म्हणायचे. वडील युद्धात हिंदुस्थानात होते. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तर दोन प्रश्न : ही खरंच आपली देवळाली का? आणि मराठीत याला नेमकं काय म्हणाल?

नाशिकरोडकर :
ताई, शंभर टक्के आपलीच. कॅम्पातला माणूस म्हणून छाती फुगवावी की मान खाली घालावी, ते मात्र ठरत नाही.

देवळालीला गोऱ्या पलटणींची मोठी छावणी होती. मुंबईला बोटीतून उतरलेले सैनिक घाट चढून इथे यायचे आणि मग देशभर पांगायचे. मुदत संपलेले परत जाताना पुन्हा इथेच येऊन बोटीची वाट बघायचे. सैनिकांच्या बोटी मुख्यतः थंडीच्या महिन्यांत सुटत. ज्याची मुदत बोटींचा हंगाम सरता सरता संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने बसून काढावे लागत. कवायत फारशी नाही, काम नाही, घर डोळ्यांसमोर, वर ऊन, मलेरिया आणि दारू. काही जण खरोखर भ्रमिष्टासारखे वागायला लागत. त्याला पलटणीच्या बोलीत नाव पडलं 'डूलाली टॅप'.

आणि तो 'टॅप' म्हणजे कपाळावरची टकटक नव्हे. नळही नव्हे. तो आपला ताप! देवळालीचा ताप. आजोबांना सांगा.

सदाशिवपेठी :
मला ही व्युत्पत्ती जरा जास्तच सोयीची वाटते. आपल्याकडे काहीही इंग्रजी दिसलं की मूळ मराठी काढायची खोड आहे. 'डोलणे' वरून का नसेल? झिंगलेला माणूस डुलतो. 'डुलाली' अगदी तसंच ऐकू येतं.

मराठी प्रतिशब्द : म्हातारचळ. विषय संपला.

नाशिकरोडकर :
काका, नुसत्या उच्चारावरून ठरवायचं तर तुमचंही चालेल. पण जुना प्रयोग दोन शब्दांचा आहे आणि त्यात 'टॅप' आहे. डोलण्यात ताप कुठून आणणार? शिवाय शब्द आधी सैनिकांच्या तोंडी आहे, मग घराघरांत गेला. देवळाली सोडल्यास या दोन्ही गोष्टी जुळवणारं दुसरं काही मला दिसत नाही. इंग्रजी कोशही देवळालीच देतात.

'ळ' त्यांना जमत नाही आणि 'देव'चा 'डू' झाला, एवढाच काय तो प्रवास. खडकीचं 'किरकी' करणाऱ्यांनी देवळाली बरीच बरी ठेवली म्हणायची.

रत्नांग्रीकर :
'म्हातारचळ' साफ चुकलं हो काका. म्हातारचळ म्हणजे उतारवयात केस काळे करून रंगीत शर्ट घालणं, नको त्या वयात नको ते सुचणं. डोक्यावरचा चष्मा शोधणाऱ्या बाईला म्हातारचळ म्हणालात तर ती तोच चष्मा फेकून मारेल.

'साठी बुद्धी नाठी' जवळचं. पण मला विचाराल तर नेमका जोड वेगळाच आहे. डूलाली हे गावाचं नाव आहे ना? मग आपल्याकडेही गावाचंच नाव घेतात. आमच्याकडे कुणी विचित्र वागलं की 'रत्नागिरीस न्यायला हवा' म्हणतात. मुंबईवाले ठाण्याला पाठवतात, पुणेकर येरवड्याला. गाव उच्चारलं की पुढचं सांगावं लागत नाही.

सदाशिवपेठी :
येरवड्याचं मान्य. म्हातारचळही मागे घेतो.

फक्त एक फरक नोंदवतो. येरवडा, ठाणे, रत्नागिरी या तिन्ही ठिकाणी खरोखर मनोरुग्णालयं आहेत, म्हणून तो प्रयोग झाला. देवळालीत वेड बरं करायला कुणी जात नव्हतं, तिथे बसून ते लागायचं. म्हणून आपण 'येरवड्याला *पाठवा*' म्हणतो आणि ते 'डूलाली *झालो*' म्हणतात. आपलं गाव हा शेवटचा मुक्काम, त्यांचं गाव हा आजार. क्रियापदाकडे बघा, सगळं तिथेच आहे.

नाशिकरोडकर :
काका, यासाठी तुम्हाला चहा लागू. मिसळही.

त्यात विनोद असा की आमच्याकडे देवळाली म्हणजे हवापालटाचं गाव. मुंबईची पारशी आणि गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तब्येत सुधारायला इथल्या सॅनेटोरियममध्ये येऊन राहतात. हवा कोरडी, दूध चांगलं, चिंता नाही. त्याच हवेने गोऱ्या शिपायाचं डोकं फिरलं म्हणे. हवेचा दोष नाही, नुसतं वाट बघत बसण्याचा आहे.

लीड्सवासी :
मंडळी, केवढं सांगितलंत! वापराबद्दल एक निरीक्षण, कारण कोशात ते सापडणार नाही. आमच्या हॉलमध्ये हा शब्द प्रत्येक जण स्वतःबद्दल वापरतो. किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, डूलाली. नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली, डूलाली. पण तिथे एक बाई येतात, त्यांना स्मृतिभ्रंश आहे, परवा त्यांनी चहात तीनदा साखर घातली. त्यांच्याबद्दल हा शब्द कुणी चुकूनही काढत नाही. आजींनी कप हळूच बदलला आणि बोलणं हवामानावर नेलं. म्हणजे शब्द थट्टेचा, आणि थट्टा स्वतःची. 'येरवडा' आपण असा स्वतःवर घेतो का? मला तरी तो कायम दुसऱ्यावर फेकलेलाच आठवतो.

आणखी शब्द सांगते, तुम्हाला मजा वाटेल. पेपर पुढे करून म्हणतात 'हॅव अ डेको', म्हणजे 'देखो'! आरामाची नोकरी 'कुशी', म्हणजे खुशी. मायदेश म्हणजे 'ब्लायटी', म्हणजे विलायती. पहिल्या महायुद्धात जी जखम फार मोठी नाही पण घरी पाठवण्याइतकी पुरेशी, तिलाही 'ब्लायटी'च म्हणत. हे शब्द हिंदुस्थानचे आहेत असं कुणाच्या मनातही नसतं. त्यांच्या लेखी ते 'आमच्या बाबांचे' शब्द.

कल्याण लोकल :
विलायतीचा प्रवास बघा. आपल्या दृष्टीने विलायत म्हणजे परदेश. गोऱ्या शिपायाने तोच शब्द उचलला आणि त्याचा अर्थ झाला स्वदेश, घर. विलायती म्हटलं की मला चिंच आठवते, त्याला आई.

सदाशिवपेठी :
मुंगूस विसरू नका. इंग्रजीतला 'मंगूस' थेट मराठीतून गेलाय. यात काहीही सोयीचं नाही, हे मी स्वतः तपासलेलं आहे.

लीड्सवासी :
काका, मुंगूस उद्या हॉलमध्ये सोडते!

आता उलट दिशेचा प्रश्न. सोमवारच्या धुण्याचं मी वर लिहिलं. त्यात 'मँगल' येतं वारंवार. लाकडाचे दोन जाड रूळ, बाजूला लोखंडी दांडा. पिळायचा कपडा दोन्हींच्या मधून घालायचा, आई दांडा फिरवणार, पोराने पलीकडून चादर ओढून धरायची, सगळं पाणी खालच्या टबात. एका आजोबांचं बोट त्यात सापडलं होतं, नख अजून वाकडं आहे, दर महिन्याला एकदा तरी दाखवतात. दमून गेलं की म्हणतात, मला मँगलमधून काढलंय. मराठीत काय म्हणू?

रत्नांग्रीकर :
अहो, चरक! रसवंतीतला. ऊस जातो तसा माणूस जातो. 'मार्चअखेर म्हणजे नुसता चरकातून पिळून निघालो' असं आमचे बँकेतले काका नेहमी म्हणत. यंत्रही तेच, दोन रूळ आणि दांडा, फक्त आपण त्यात कपडे घातले नाहीत.

कल्याण लोकल :
आणि धुण्यात नीळ घालायचे का ते?

लीड्सवासी :
घालायचे म्हणजे काय! फडक्यात बांधलेली निळीची पुरचुंडी शेवटच्या पाण्यात फिरवायची. मी म्हटलं, आमची आजीही अशीच फिरवायची आणि आमच्याकडे ती 'रॉबिन ब्ल्यू' होती. तर एक बाई म्हणाल्या, ती करणारी रेकिट कंपनी इथली, हलची. हल म्हणजे इथून साठ मैल. मधमाशी चावली की तीच पुरचुंडी ओली करून चावलेल्या जागी दाबत, हेही त्यांनी सांगितलं. आमची आजी कांदा चोळायची.

नाशिकरोडकर :
ताई, वर तुम्ही 'ट्यूब पेटली' लिहिलंत. त्यांच्यात काय म्हणतात?

लीड्सवासी :
'पेनी पडली'! यंत्रात नाणं टाकलं की ते मध्येच अडकायचं, मग खटकन खाली पडलं की यंत्र सुरू. तसं उशिरा कळणं. आपली ट्यूबलाइट लुकलुकते आणि मग लागते, त्यांचं नाणं अडकतं आणि मग पडतं. उशीर तेवढाच.

पेनीवरून आणखी एक. नव्वदीच्या आजी उठताना म्हणतात, 'पेनी खर्चून येते.' पहिल्यांदा मी पाकीट शोधायला लागले. सार्वजनिक संडासाच्या दाराला पेनी टाकायची खाच असे, त्यावरून. म्हणजे आपलं एक नंबर. ती पेनीसुद्धा आताची नव्हे, जुनी, मोठी तपकिरी. बारा पेन्यांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे २४० पेन्या. १५ फेब्रुवारी १९७१ ला ते मोडून शंभराचा पौंड आला. आजी अजून मनातल्या मनात शिलिंग करून बघतात आणि मग 'केवढं महाग!' म्हणतात.

सदाशिवपेठी :
आपण त्यांच्या चौदा वर्षं आधी, १ एप्रिल १९५७ ला आणे सोडले. तरी आमची आई शेवटपर्यंत पंचवीस पैशांना चार आणेच म्हणायची, आणि मी अजून एखादी गोष्ट सोळा आणे खरी म्हणतो. शंभर पैसे खरी कुणी म्हणतं का?

कल्याण लोकल :
रेशनबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे रेशन हा चालू वर्तमानकाळ आहे. कार्ड, दुकान, थम्ब लागत नाही म्हणून परत पाठवणं. त्यांच्यात?

लीड्सवासी :
त्यांच्यात पूर्ण भूतकाळ. जानेवारी १९४० ते जुलै १९५४. म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं. यातल्या बऱ्याच जणांनी शाळेत जाईपर्यंत दुकानात जाऊन मनाला येईल तेवढी गोळ्या-चॉकलेटं घेतलीच नव्हती. ती ५ फेब्रुवारी १९५३ ला मोकळी झाली. आजोबा तेव्हा सात वर्षांचे. शाळा सुटल्यावर रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत, त्यांचा नंबर येईपर्यंत बरण्या रिकाम्या, उरल्या होत्या फक्त खोकल्याच्या गोळ्या. त्या घेतल्या. पैसे हातात होते ना, मग काहीतरी घ्यायलाच हवं होतं, म्हणाले.

शब्दाचं म्हणाल तर ते 'रेशनवरून उतरलं' म्हणतात, जणू वस्तू कुठल्या तरी फळीवर चढवून ठेवली होती. आपण 'रेशन उठलं' म्हणू.

रत्नांग्रीकर :
'उठलं' पेक्षा 'सुटलं' म्हणेन. उपास सुटतो तसं.

सदाशिवपेठी :
'सुटलं' ला अनुमोदन.

लीड्सवासी :
आज गुरुवार होता, म्हणून परत आले. आजोबांना ताप समजावून सांगितला. त्यांना पटला नाही. पंचाहत्तर वर्षं कपाळावर टकटक केली, ती काय आता सोडणार? पण आजींना फोनवर देवळाली स्टेशनच्या पाटीचा फोटो दाखवला. त्यांनी डोक्यावरचा चष्मा खाली घेतला (आज पहिल्याच प्रयत्नात सापडला) आणि बराच वेळ पाटी बघत बसल्या. वडील त्या फलाटावर उतरले असतील का, विचारलं. मी म्हटलं, मुंबईहून वर गेले असतील तर रूळ तोच.

मग मला ते नाव म्हणायला लावलं. मी म्हटलं, देवळाली. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. देवराली, देवडाली, देवलाली. 'ळ' साठी जीभ मागे वळवायची असते हे दाखवता दाखवता माझा चहा उतू गेला.

पुढच्या वेळचा शब्द आत्ताच देऊन ठेवते : 'गझंडर'. पलंगाखाली ठेवायचं रात्रीचं भांडं. 'गोज अंडर', खाली जातं, म्हणून गझंडर! मराठी शब्द सुचवा, आणि काका, कृपया सभ्य सुचवा.

सदाशिवपेठी :
सभ्य सुचत नाहीये. उद्या लिहितो.