दोन मांजरांची भांडणं आणि फ्लुओक्सेटीन – औषध दिलेल्यांचे अनुभव हवे आहेत

नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते. घरात दोन मांजरं आहेत. चिंगी सहा वर्षांची, बंड्या तीन वर्षांचा, दोघांचंही ऑपरेशन झालेलं. गेले सात आठवडे बंड्या चिंगीला घरात सुखाने वावरू देत नाहीये. डॉक्टरांनी आता त्याला फ्लुओक्सेटीन (माणसांना नैराश्यावर, चिंतेवर देतात ते औषध) सुरू केलंय, आज नववा दिवस. ज्यांनी स्वतःच्या मांजराला हे औषध दिलंय त्यांच्याशी बोलायचंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे दोघे एकाच उशीवर पाठीला पाठ लावून झोपायचे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी एक भटका बोका आमच्या खिडकीबाहेरच्या छज्जावर येऊन बसला. आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत. बंड्या ग्रिलमध्ये होता, शेपूट फुगवून घशातून तो लांब सूर काढत होता. चिंगी नेहमीसारखी त्याच्या अंगाला डोकं घासायला गेली आणि तो वळून तिच्यावरच तुटून पडला. केस उडाले, चिंगीला जागेवरच शू झाली. मी हात मध्ये घातला आणि मनगटात दात घुसले. (कुणी असा हात घालू नका. जाड चादर किंवा मोठी उशी मध्ये टाकायची, हे मला नंतर कळलं. जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली. मांजरांचं लसीकरण झालेलं असूनही डॉक्टरांनी मला इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक दिलं. मांजराचा चावा वरून बारीक दिसतो, पण आत खोल जातो.)

ज्यांच्याकडे आधी गेलो ते म्हणाले, चार दिवसांत आपोआप जमवून घेतील, एकत्रच राहू द्या. आम्ही ऐकलं, आणि तिथेच बिघडलं. रोज मारामारी होत नव्हती, पण बंड्या पॅसेजच्या तोंडाशी बसून टक लावून बघायचा. पापणी हलायची नाही, फक्त शेपटीचं टोक हलायचं. लिटर ट्रे (मांजरांचा शू-शीचा ट्रे) पलीकडे बाथरूममध्ये. चिंगी फ्रिजवरून उतरायचीच नाही आणि शेवटी मुलीच्या गादीवर शू करायला लागली. घरातले सगळे तिला ओरडले, मीसुद्धा. त्याची आजही खंत आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी दोघांचे दात, रक्त, लघवी सगळं तपासलं. दुखत असलं तरी मांजर चिडतं, म्हणून ते आधी बघायला हवं असं म्हणाले. चिंगीच्या लघवीत रक्त निघालं, जंतुसंसर्ग नव्हता. ताणाने मूत्राशयाला सूज येते म्हणे. बंड्याचं सगळं नॉर्मल. बाहेरच्या बोक्यावरचा राग हाताशी असलेल्या चिंगीवर निघाला आणि आता ती दिसली की त्याचं अंग आधीच ताठ होतं, असं त्यांनी समजावलं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला कागद लावायला सांगितला, ट्रे दोनाचे तीन करून वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला सांगितले आणि दोघांना पूर्ण वेगळं करायला सांगितलं. आमचा वन बीएचके आहे. बेडरूम चिंगीची, हॉल बंड्याचा. रात्री मी एकीकडे, नवरा दुसरीकडे. बंद दाराच्या दोन बाजूंना दोन वाट्या ठेवून जेवायला देतो, उशांचे अभ्रे अदलाबदल करतो.

तीन आठवडे हे केलं. दार बोटभर उघडलं की बंड्या फटीत पंजा घालतो. म्हणून औषध. डॉक्टर म्हणाले, "गोळी त्याला मैत्री शिकवणार नाही. तुम्ही जे शिकवताय ते त्याच्या डोक्यात शिरेल इतपत तो शांत होईल." हे मला पटलं.

अडचण आहे ती द्यायची. बंड्या ४.८ किलोचा आहे. किलोला अर्धा मिलिग्रॅम या हिशेबाने रोज २.४ मिलिग्रॅम. माणसांचं सिरप दिलंय, ५ मिलीत २० मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिली. एवढंसं! पण त्याला पुदिन्यासारखा वास आहे. पहिल्या दिवशी सुई नसलेली सिरिंज गालात घातली, तर मिनिटभरात तोंडातून साबणासारखा फेस आला, हनुवटीवरून छातीवर ओघळला. विषबाधा झाली की काय म्हणून माझे हातपाय गळाले. कडू चवीने लाळ येते, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. पाचव्या दिवसापर्यंत परिस्थिती अशी की मी सिरिंज ओट्यावर ठेवली, तेवढ्या टक् आवाजाने हा माळ्यावर. किती पोटात गेलं, किती फेसाबरोबर गेलं, काहीच कळत नाही. आधीच घाबरलेल्या जनावराला रोज धरून घाबरवायचं, आणि तेही त्याची भीती कमी व्हावी म्हणून, हे मला सोसत नाहीये.

दुसरं म्हणजे तो जेमतेम निम्मं खातोय आणि दिवसभर झोपून आहे. हे किती दिवस चालतं? गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात असं सांगितलंय, पण त्याआधी काही लहानशा खुणा दिसतात का? औषध मार खाणाऱ्या मांजरालाही द्यावं लागलं असं कुणाचं झालंय का? चिंगीला फक्त डॉक्टरांकडे नेताना दोन तास आधी गॅबापेंटिन (भीती कमी करणारं, गुंगी आणणारं औषध) दिलं होतं. चालताना थोडी झोकांड्या खात होती, पण पहिल्यांदाच पिशवीत न ओरडता बसली.

आणि गणपती. दरवर्षी आम्ही सगळे संगमेश्वरला जातो. औषध मध्येच बंद करायचं नाही हे माहीत आहे. सासूबाईंना आधी हे अजिबात मान्य नव्हतं. "अगं, मुक्या जनावराला कसल्या डोक्याच्या गोळ्या देतेस? एक देऊन टाक कुणाला तरी." त्यांचा राग येत नाही, गादी तीन वेळा त्यांनीच उन्हात टाकली. पण सहा वर्षं घरात असलेली चिंगी कुणाला आणि कशी द्यायची? आणि बंड्याला कोण घेईल? मला दोघंही हवेत.

प्रतिसाद – ऐरोलीकर

फेस बघून घाबरू नका, आमच्याकडेही हेच झालं होतं. सिरप सोडा. आमच्या डॉक्टरांनी औषधाची पूड मोजून सगळ्यात लहान आकाराच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून दिली. जीभ लागायच्या आत गिळली जाते, त्यामुळे कडू लागत नाही. घरी अंदाजाने कॅप्सूल फोडून भाग करू नका, २० मिलिग्रॅममधून अडीच डोळ्यांनी निघत नाही. एक युक्ती सांगते. आधी नुसता खाऊ, मग औषधाचा खाऊ, आणि तो गिळायच्या आत तिसरा नुसता खाऊ नाकासमोर धरायचा. तिसऱ्याच्या घाईत दुसरा जातो. आणि जेवणाच्या वाटीत औषध कधीच मिसळू नका. आमची मनी त्यानंतर ते अन्नच खाईना.

गुणाचं विचाराल तर तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मनीने दुसऱ्या मांजराकडे बघितलं आणि स्वतःहून मान फिरवून ती अंग चाटायला लागली. तोपर्यंत नजर हटतच नव्हती. माझ्यासाठी ती पहिली खूण.

प्रतिसाद – ठाणे पशुवैद्य

ठाण्यात प्रॅक्टिस करते. तुमच्या डॉक्टरांनी क्रम योग्य लावलाय. मी फक्त काही गोष्टींची भर घालते. भूक कमी होणं आणि सुस्ती सुरुवातीच्या एकदोन आठवड्यांत बऱ्याच मांजरांत दिसते आणि बहुधा ओसरते. पण सलग दीड-दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर त्याच तासाला दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

कोरडी गोळी किंवा कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते, म्हणून मागोमाग थोडं ओलं खाणं किंवा पाच मिली पाणी द्याच. कानाला लावायच्या मलमाबद्दल कुणी सुचवलं तर फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत त्या वाटेने जाऊ नका, कातडीतून ते फारच थोडं शोषलं जातं. वेदनेसाठी ट्रामाडोल द्यायची वेळ आली तर हे औषध चालू आहे हे आधी सांगा, दोन्ही एकत्र धोक्याचं. आणि घरातली पॅरासिटामॉल मांजराला कधीही नको, अर्ध्या गोळीनेही मांजर दगावू शकतं.

चिंगीबद्दल: मार खाणारं मांजर फार दबलेलं असेल तर आम्ही कधी कधी त्याला बस्पिरोन हे भीती कमी करणारं औषध देतो, त्याने ते धीट होतं. पण आधी बंड्याचं बसू द्या. दोघांना एकदम सुरू केलं तर कशाने काय झालं ते कळत नाही.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. डॉक्टरांशी बोलले, उद्यापासून कॅप्सूल. वाटीतली चूक मीही करणारच होते.

प्रतिसाद – जुईनगर

ताई, जीव लावून केलंत तरी काही जोड्या जमत नाहीत, हेही मनात असू द्या. आम्ही वर्षभर प्रयत्न केला आणि शेवटी एक मांजर माझ्या बहिणीकडे चिपळूणला दिलं. तिथे ते खिडकीत पोट वर करून झोपतं. द्या असं म्हणत नाहीये, पण तशी वेळ आली तर त्याला हार समजू नका.

धागाकर्ती – पाच आठवड्यांनंतर

तुमचा प्रतिसाद मी बऱ्याचदा वाचला, जुईनगरकर. त्याने धीर आला, खरंच.

आता पुढची हकीकत. कॅप्सूल कशात द्यायची हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. चीज, चिकन सगळं करून झालं होतं, बंड्या वरचं खाऊन कॅप्सूल थुंकून टाकायचा. नारळी पौर्णिमेनंतर त्यांनी दिवाळे गावातल्या मासळी बाजारातून बोंबील आणले. ताजा बोंबील बिनमिठाचा वाफवला की लोण्यासारखा होतो. मधला काटा काढून त्यांनी कॅप्सूल आत दाबली, बोटांनी गोळा वळला आणि "ये रे माझ्या राजा" म्हणून पुढे केला. चावलंसुद्धा नाही त्याने. तेव्हापासून सकाळी साडेसातचं औषध त्यांच्याकडे. कॅलेंडरवर त्या पेन्सिलीने टिंब करतात.

भूक बाराव्या-तेराव्या दिवशी परत आली. फेलिवे कंपनीचं मांजरांच्या भांडणासाठी मिळतं ते, मांजरांना शांत करणारा गंध हवेत सोडणारं यंत्रही हॉलमध्ये लावलंय, एक बाटली महिनाभर जाते. त्याने किती आणि गोळीने किती, मला वेगळं सांगता येणार नाही. चौथ्या आठवड्यात बेडरूमच्या दाराला नेटलॉनची जाळी ठोकली, खालची दीड फूट पुठ्ठ्याने झाकली. पहिले तीन दिवस पुठ्ठा तसाच ठेवून जेवण. मग रोज चार बोटं खाली. परवा बंड्याने चिंगीकडे पाहिलं, शेपटी हलली नाही, आणि त्याने मान फिरवून पंजा चाटायला घेतला. ऐरोलीकर, मला तुमचं वाक्य आठवलं आणि मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

चिंगी अजून जाळीपासून चार फुटांवरच खाते. पण फ्रिजवरून उतरलीय आणि गादी कोरडी आहे.

गणपतीला नवरा आणि मुलगी जातील. मी आणि सासूबाई इथेच. त्यांचं गणपतीत गावी न जाणं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "अगं, तुझ्या हातून तो खात नाही." औषध निदान काही महिने चालेल, मग हळूहळू कमी करत बंद, असं डॉक्टर म्हणतात. जाळी इतक्यात काढणार नाही. एवढंच विचारायचं होतं: जाळीशिवायची पहिली भेट तुम्ही किती मिनिटांची ठेवली होती, आणि तेव्हा घरात किती माणसं होती?