वय 34, कराडजवळून होम सायन्सची डिग्री करायचीय, कॉलेज कसं निवडू?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. कराडजवळच्या गावात राहते, दोन मुलं आहेत, मोठी सहावीत आणि धाकटा दुसरीत. बारावी आर्ट्स झाली, त्याच वर्षी लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. आता बचत गटातनं मेतकूट, चटण्या, नाचणीचं सत्त्व करून विकते आणि सप्टेंबरात पोषण माह असला की अंगणवाडीच्या ताई मला पाककृती दाखवायला बोलावतात. तिथं गरोदर बायका विचारतात, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) आठवर आलंय, काय खाऊ? मी सांगते पण शिकलेलं नाही त्यामुळं मनात धाकधूक राहते, म्हणून ठरवलंय की आता नीट शिकायचंच. सासूबाई म्हणाल्या मुलांचं मी बघते, तू जा. पण कुठं जाऊ? सगळे पुण्याचं एसएनडीटी (बायकांचं विद्यापीठ) सांगतात, कराडवरनं रोज पुणं कसं जमणार, आणि घरी बसून मुक्त विद्यापीठातनं केलं तर चालेल का? वर्गात सगळ्या अठराच्या पोरी असणार तर या वयात घेतात तरी का?

मिरज_डाएट
ताई, घरी बसून करायच्या प्रश्नाचं आधी सांगते. फूड अँड न्यूट्रिशन, डाएटेटिक्स हे विषय दूरशिक्षणातनं किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासनं बंदी केलीय, अलाइड हेल्थकेअरच्या, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीला चालणाऱ्या आरोग्यसेवांच्या, 2021 च्या कायद्यात ते येतात म्हणून. नेटवरची जुनी माहिती वाचून कुठं फी भरू नका, "घरबसल्या डाएटिशियन" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

दुसरं म्हणजे होम सायन्स म्हणजे नुसता आहार नाही, त्यात बालविकास आहे, कपडे-वस्त्रशास्त्र आहे, गृहव्यवस्थापन आहे, विस्तार शिक्षण आहे, आणि प्रत्येक कॉलेजात सगळं मिळत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरनं तुम्हाला पोषणच हवंय असं वाटतं. पण हॉस्पिटलात डाएटिशियन व्हायचं असेल तर रस्ता लांबचा आहे, आधी पदवी, मग एमएससी किंवा डाएटेटिक्सचा पीजी डिप्लोमा, मग हॉस्पिटलात इंटर्नशिप आणि त्यानंतर इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडीची (रजिस्टर्ड डाएटिशियनची) परीक्षा. मी इंटर्नशिप मिरजेतच केली, सकाळी वॉर्डात जेवणाच्या ट्रॉल्या निघायच्या आधी किचनमध्ये हजर लागायचं, डाळ ठरलेल्या वाटीनं मोजायची, किडनीच्या पेशंटची भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून टाकायचं, कारण त्यात पोटॅशियम उतरतं. हे हातानं केल्याशिवाय येत नाही, म्हणून मला स्वतःला ती बंदी योग्यच वाटते, गावाकडच्या बायकांना त्रासाची आहे हे खरं असलं तरी.

आणि त्या गरोदर बायकांना एवढं आत्तापासनं सांगा, जेवणाबरोबर आणि जेवल्या जेवल्या चहा नको, पालेभाजी-कडधान्यावर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. एचबी आठ म्हणजे नुसत्या खाण्यावर भागणार नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा, गोळ्या डॉक्टरच सांगतील.

अजिंक्यतारा_76
वयाचं अजिबात मनात आणू नका हो, बीए-बीएससीला वरची वयोमर्यादा नसते. माझ्या बायकोनं मुलगा कॉलेजात गेल्यावर एसएनडीटीत प्रवेश घेतला, ते विद्यापीठच महर्षी कर्व्यांनी 1916 ला बायकांसाठी काढलेलं, तिथं मोठ्या वयाच्या विद्यार्थिनीकडं कुणी वळून बघत नाही. पण रोज जाऊन-येऊन करायचा विचार सोडा, एसटीचं बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं पण साताऱ्यावरनंच स्वारगेट शंभर किलोमीटरच्या वर आहे, तुम्ही तर पुण्यापासनं त्याच्याही पुढं कराडला, आणि प्रॅक्टिकल असलेल्या कोर्सला हजेरी लागतेच. पुणं करायचं तर नातेवाईक किंवा हॉस्टेल, आणि दुसरीतलं पोरगं सोडून ते किती दिवस निभेल हे तुम्हीच ठरवा.

कुठलंही कॉलेज असो, ॲडमिशनच्या आधी एकदा कामाच्या दिवशी जाऊन लॅब बघून या. शेगड्या चालू आहेत का, वजनकाटे आहेत का, का नुसत्या जर्नल उतरवून घेतात, हे तिसऱ्या वर्षाच्या मुली कँटीनमध्ये खरं सांगतात, ऑफिसात नाही कळत. आणि आर्ट्सच्या बारावीवर बीएससी मिळतं का ते लेखी विचारा.

वाळवा_झेडपी
ताई, तुमचं काम अंगणवाडीशी जुळलेलं आहे म्हणून वेगळं सुचवतो. जिल्हा परिषदेच्या मुख्यसेविकेच्या (अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या) भरतीत पदवी लागते आणि नियमात समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण या विषयांचा खास उल्लेख आहे. त्यामुळं शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापुरात, बीएला होम सायन्स विषय असलेलं जवळचं कॉलेज मिळालं तर तेही उपयोगाचं आहे, एसटीनं रोज जाता येईल असं. पण वय बघा, खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गाला 43 ची मर्यादा असते. यंदा घेतलंत तर पदवी 37 ला, म्हणजे खुल्या वर्गात असाल तर हातात जेमतेम वर्ष, आणि जाहिरात काही दरवर्षी निघत नाही. म्हणून नवीन शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या ऑनर्सच्या मागं न लागता तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडा. मधी घरच्या अडचणीनं थांबायला लागलं तरी पहिल्या वर्षाला सर्टिफिकेट, दुसऱ्याला डिप्लोमा मिळतो, झालेल्या अभ्यासाचे गुण, म्हणजे क्रेडिट, जमा राहतात.

कृष्णाकाठची
खूप आभार सगळ्यांचे. मी खुल्या वर्गातच आहे, म्हणजे नोकरीच्या भरवशावर नको, पण शिकायचं पक्कं. कराड-सांगली पट्ट्यातच बघते, दिवाळीनंतर दोन-तीन कॉलेजं फिरून येते. अजून एक, मार्कशीटवर माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं, ते अडेल का?

मिरज_डाएट
अडतं, कारण क्रेडिट जमा ठेवायला एबीसी आयडी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा नंबर) काढावा लागतो आणि तो आधारवरनं निघतो, नाव जुळलं नाही की तिथंच थांबतं. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नावबदलाचं गॅझेट ऑनलाइन अर्ज करून घ्या, आणि इतक्या वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे गॅप सर्टिफिकेट लागेल. शाळा सोडल्याचा दाखला आणि मार्कशीट शोधून बघा आत्ताच, मार्कशीट हरवली असेल तर दुसरी प्रत कोल्हापूर विभागीय मंडळाकडनं मिळते, त्याला वेळ जातो, म्हणून जूनची वाट बघू नका.