कोल्हापुरी चपलांचं इन्स्टा पेज – व्ह्यूज भरपूर, ऑर्डरी नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मामांचा कोल्हापुरात सुभाषनगरला चपलांचा कारखाना आहे, म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, दोन कारागीर आणि मामी. आजवर माल दुकानदारांनाच जायचा आणि पैसे त्यांच्या सवडीने यायचे. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्या पायताणासारख्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव कुठंच नाही, त्यावरून नेटवर जो दंगा झाला तो तुम्हाला माहितीच आहे, तेव्हा मामाच म्हणाले की आपलं पण पेज काढ.

काढलं. मामी चपलेची वेणी घालतानाची रील मस्त चालली, त्यात चामड्याच्या बारीक पट्ट्या ती न बघता विणते आणि तळाला खिळा एक नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची. पण खाली कमेंट काय, तर "प्राउड ऑफ यू" आणि "प्राइस प्लीज". भाव सांगितला की माणूस गायब, ऑनलाइन तीनशेला मिळते म्हणतात, आता ती रेक्झिनची आहे हे कुणाकुणाला समजावू? ज्या थोड्या ऑर्डरी आल्या त्यातल्या बऱ्याच साइज बसली नाही म्हणून परत, कुरिअरचा भुर्दंड आपल्याच डोक्यावर.

आता एकजण महिन्याचं पॅकेज घ्या म्हणून मागं लागलाय, दहा हजार फॉलोअर देतो म्हणे. घ्यावं का? की ते पैसे बूस्टला, म्हणजे पैसे भरून रील जास्त लोकांना दाखवायला, घालू? आणि भाव पोस्टमध्येच टाकावा की मेसेजमध्ये सांगावा? कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली तर गिऱ्हाईक तुटेल का?

पुणेरी_गिऱ्हाईक: फॉलोअर अजिबात विकत घेऊ नका, ते चपला घालत नाहीत. भाव पोस्टमध्येच टाका. मी स्वतः "डीएम करा" दिसलं की पुढं सरकतो.

साडीवाली: आमचं साड्यांचं आहे त्यामुळे साइजची भानगड नाही, पण बाकी दुखणं सेम. रीलखालचं बूस्ट बटण दाबू नका, ॲड्स मॅनेजरमधून (इन्स्टा-फेसबुकचं जाहिरातींचं टूल) जाहिरात लावा जी थेट व्हॉट्सॲप चॅट उघडते, शहरं तुम्ही निवडा, सुरुवातीला पुणे-मुंबई पुरे, बजेट छोटं ठेवा. लाइक मोजू नका, चॅट किती आले आणि त्यातल्या किती जणांनी पैसे भरले ते वहीत लिहा. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग करा, भावासकट. जुन्या गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा जातो, एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण त्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज पोचतच नाही, म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका नंबर सेव्ह करा म्हणून. कॅश ऑन डिलिव्हरी एकदम बंद नको, थोडा ॲडव्हान्स घ्या, रिकामटेकडे आपोआप गळतात.

करकर_वाजते: भावा साइजसाठी नंबर विचारूच नको. कागदावर उभं राहून पायाची आउटलाइन काढायला सांग, शेजारी पट्टी ठेवून फोटो, दोन्ही पायांचा. ह्याचीच एक रील कर आणि पेजवर सगळ्यात वर पिन कर. आणि रेक्झिन विरुद्ध चामडं हा व्हिडिओ तर झालाच पाहिजे, दोन्ही कापून दाखव की, कमेंटमध्ये भांडत बसण्यापेक्षा ते बरं. कोल्हापुरीला २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, मामांची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आहे का? असेल तर तो लोगो दिसू दे.

धागाकर्ता: सगळ्यांना धन्यवाद. पॅकेजवाल्याला नाही कळवलं. पायाच्या आउटलाइनची रील ह्याच रविवारी करतो, मामी तयार आहे, मामा कॅमेरा बघितला की उठून जातात. जीआयची नोंदणी नाहीये, मामांना विचारलं तर म्हणाले कागदं कोण गोळा करणार, ते आता मी बघतो. अजून एक राहिलंच, पावसाळ्यात ही चप्पल भिजली की कामातून गेली, त्यामुळे जून ते सप्टेंबर विक्री जवळपास नसतेच, तेव्हा जाहिरात पूर्ण बंद ठेवायची की दिवाळीची ॲडव्हान्स बुकिंग घ्यायची? कुणी असा सीझनचा धंदा करत असेल तर सांगा.