केबिन फिल्टर घरी, ब्रेक गॅरेजमध्ये
'गाडीचं सगळं काम यूट्यूब बघून घरीच करा, मेकॅनिक लुटतात' असं काही जण सांगतात, ते मला अर्धंच पटलं. एसीचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी, जरूर स्वतः बदला. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्पा सोडवला की हाताला लागतो. फक्त हवेच्या दिशेचा बाण बघून बसवा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल, तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने जुना टूथब्रश घेऊन घासा.

ब्रेकच्या वाटेला मात्र जाऊ नका. ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये (नळीत) हवा राहिली की पेडल पुचाट होतं, आणि ते नेमकं घाटात कळायचं! नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं तर नकोच.

आणि हो, मेकॅनिककडून बदललेला जुना पार्ट मागून घ्या. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे मी परत जात नाही.