मंदीतली सरकारी मदत: रूझवेल्टचं न्यू डील आपल्याला चालेल का?

वडगावचा मागवाला
जेवणाच्या सुट्टीत दोन दिवस एकच वाद चाललाय. सोबत्याचं म्हणणं, मंदीत सरकारनं काय करायचं ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 1933 साली न्यू डील नावाच्या योजनांतून दाखवलं, आपल्याकडं तसंच व्हायला पाहिजे. मला ते पटत नाही.

तेव्हा अमेरिकेत चारातला एक कामगार बेकार होता. शेतमालाला भाव नव्हता म्हणून सरकारनं पीकच कमी करायचं ठरवलं. उभा कापूस नांगरून टाकला, 60 लाख डुकराची पिल्लं मारली आणि जमीन पड ठेवणाऱ्याला पैसे दिले. पैसे गेले मालकाच्या हातात. वाटेकऱ्याचा हिस्सा कागदावर होता, पण वाटणारा मालकच. आणि पड रानाला वाटेकरी कशाला लागतो? हजारो कुटुंबांना झोपड्या सोडून जावं लागलं.

लॉकडाऊनमध्ये मी हेच भोगलंय. माग मालकाचे, विजेचा मीटर मालकाचा. मी साडीमागं मजुरी घेणारा, आई घरी कांड्या भरणारी. मदतीचा फॉर्म घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, मीटर कुणाच्या नावावर? अर्धी विणलेली साडी मागावर तशीच होती. जांभळा काठ धुळीनं राखाडी झाला.

खानापूरचा भातवाला
दादा, तुमचं दुःख खरं आहे, पण एका योजनेवरून सगळं न्यू डील मोडीत काढू नका. त्याच 1933 साली बेकार पोरांना जंगलात झाडं लावायला, बंधारे बांधायला नेलं. महिना 30 डॉलर, त्यातले 25 थेट घरी. 1942 पर्यंत सुमारे 30 लाख पोरं त्यात राबली. तिथं मधे कोण मालक होता? आमच्या गावचं तळं उद्योग खात्रीतून, म्हणजे रोजगार हमीतून खोदलंय. माझी बायको तिथं बुट्टी वाहायची, पैसे तिच्या खात्यावर जमा झाले. मार्चमध्येही गुरं तिथं पाणी पितात. हाताला काम देणं, ह्याहून चांगली मदत मला माहीत नाही.

निपाणीची लेक
काम मिळालं, पण म्हातारपणाचं काय? 1935 साली अमेरिकेत पेन्शनचा कायदा आला तेव्हा शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका बाहेरच ठेवल्या. ज्यांना गरज जास्त, तेच वगळले. माझी आई पस्तीस वर्षं विड्या वळली. विडी कामगाराचं कार्ड दुसऱ्या बाईच्या नावावर, वळायची आई. छाट, म्हणजे खराब म्हणून बाद केलेल्या विड्या, मात्र आईच्या मजुरीतून कापली जायची. आज तिची बोटं सरळ होत नाहीत आणि पीएफ विचारायला दार नाही. मी मागवाल्या दादांच्या बाजूची.

उद्यमबागचा हिशेबनीस
मी दोघांच्याही विरोधात. न्यू डीलनं मंदी गेलीच नाही. 1937 मध्ये सरकारनं खर्चाला कात्री लावली आणि वर्षभरात बेकारी पुन्हा वाढली. कारखाने भरले ते दुसऱ्या महायुद्धाच्या ऑर्डरींनी. मला त्यातली एकच गोष्ट मोलाची वाटते, ठेवींचा विमा. हजारो बँका बुडाल्यावर 1934 पासून 2,500 डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. आपल्याकडं बँकेतल्या 5 लाखांपर्यंत विमा आहे, पण सोसायटीतल्या, म्हणजे पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. वडिलांचे रिटायरमेंटचे पैसे अशाच एका सोसायटीत गेले. पासबुक अजून कपाटात आहे. सरकारनं आधी हे करावं, खड्डे नंतर खणावेत.

वडगावचा मागवाला
विम्याचं मान्य. भातवाले, जंगलातल्या पोरांचंही मान्य, कारण पैसे नावानं घरी गेले. पण शेतीचं बोला. जमीन सुधारणा कायद्याच्या 1974 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कर्नाटकात जमीन कुळाला द्यायला बंदी आहे, म्हणून वाटा सगळा तोंडी चालतो. उताऱ्यावर वाटेकरी दिसतच नाही. मग मदत त्याच्यापर्यंत कशी पोचणार?

खानापूरचा भातवाला
ह्यावर मी रात्रभर विचार केला. माझंच दोन एकर शेत वाट्यानं दिलेलं आहे. 2019 च्या पुरात भात कुजलं, भरपाई माझ्या खात्यावर आली. मी त्याला निम्मी दिली. नसती दिली तर तो कुठं दाद मागणार होता, ह्याचं उत्तर मला सापडलं नाही.