जबड्याच्या एका तुकड्यावरून 13.2 मीटर?

हाडवैरी (धागाकर्ते)

सगळ्यात मोठा मांसभक्षक डायनोसॉर कोण, हा वाद कुठेही सुरू झाला की थोड्याच वेळात कुणीतरी आकडा फेकतं: गिगानोटोसॉरस 13.2 मीटर, टी. रेक्स 12.3. विषय संपला. माझं सरळ म्हणणं आहे, हा 13.2 चा आकडा तक्त्यांतून हद्दपार करा.

तो येतो कुठून ते बघा. अर्जेंटिनात, पॅटागोनियातल्या व्हिला एल चोकॉन गावाजवळ रुबेन कारोलिनी या हौशी शोधकाला 1993 मध्ये एक सांगाडा सापडला. कोरिया आणि साल्गादो या संशोधकांनी 1995 मध्ये त्याला गिगानोटोसॉरस हे नाव दिलं. सुमारे 70 टक्के सांगाडा, मांडीचं हाड 1.43 मीटर. झकास नमुना आहे, त्याबद्दल तक्रारच नाही. लांबी सव्वाबारा मीटरच्या आसपास भरते.

पण 13.2 या प्राण्याचे नव्हेतच. ते दुसऱ्याच एका प्राण्याचे, आणि त्याचा आपल्याकडे खालच्या जबड्याचा पुढचा तुकडा तेवढा आहे. काल्व्हो आणि कोरिया यांनी 1998 मध्ये लिहिलं की हा तुकडा पहिल्या नमुन्याच्या त्याच भागापेक्षा 8 टक्के मोठा आहे. मग 12.2 ला 1.08 ने गुणलं की झालं! बरं, लांबीवर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. लांबी 8 टक्के वाढली तर वजन 1.08 च्या घनाने वाढतं, म्हणजे 26 टक्के. सात टनांचा प्राणी एका तुकड्याच्या जोरावर पावणेनऊ टनांवर जातो. जबडा 8 टक्के मोठा म्हणजे शेपटीही 8 टक्के लांब, हे कुणी पाहिलंय? एकाच जातीत कुणाचा जबडा आडदांड असतो, कुणाचा नसतो.

शितावरून भात शिजला की नाही ते कळतं हो, किती माणसांचा शिजवलाय ते कळत नाही.

टायरंट_तात्या

+१. आणि लांबी हवीय कशाला? वजन बघा. शिकागोच्या फील्ड म्युझियममधली 'सू' म्हणजे टी. रेक्सचा सांगाडा, जवळजवळ 90 टक्के पूर्ण आहे. 2011 मध्ये तिच्या सांगाड्याचं लेझर स्कॅन करून संगणकावर मांस चढवलं तेव्हा वजन 9 टनांच्या वर गेलं. नंतर 2019 मध्ये कॅनडातल्या 'स्कॉटी' या दुसऱ्या रेक्सचं 8.87 टन आलं, त्याच पद्धतीने सूचं 8.46. गिगा लांब असेल, पण अंगाने रेक्सच भारी. पट्टा स्कॉटीच्या कमरेला.

हाडवैरी

तात्या, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय म्हणून सोडणार नाही. 8.87 आणि 8.46 हे आकडे मांडीच्या हाडाच्या घेरावरून काढलेत. त्या सूत्रात सरासरी चूकच 25 टक्क्यांची असते. म्हणजे स्कॉटी साडेसहा टनांपासून अकरा टनांपर्यंत कुठेही. दोघांत फरक चारशे किलोंचा, आणि चुकीला वाव दोन टनांहून जास्त! असल्या फरकावर पट्टे वाटायचे असतील तर जबड्याच्या तुकड्याने काय घोडं मारलंय?

टायरंट_तात्या

आम्ही आपले पट्टा वाटायला आलो होतो 😄 असो. पण लेझर स्कॅनचं काय?

हाडवैरी

स्कॅन हाडांचं होतं, मांस अंदाजाने चढवतात. छाती किती रुंद धरायची, शेपटीच्या बुडाशी स्नायू किती, यावर टन-दोन टन सहज इकडेतिकडे होतात. सूच्याच पोटाखालच्या बारीक फासळ्या कितीतरी वर्षं सांगाड्यात बसवलेल्याच नव्हत्या. 2018 मध्ये सांगाडा नव्या दालनात नेताना त्या बसवल्या आणि पाहणाऱ्यांना सू एकदम पोटाळी दिसायला लागली.

दख्खनी_बसाल्ट

धागाकर्त्यांशी पूर्ण असहमत. सविस्तर लिहितो.

एक तर या न्यायाने अर्धं पुराजीवशास्त्र बंद करावं लागेल. अपुऱ्या हाडांवरून अंदाज बांधणं हेच तर काम आहे. प्रश्न एवढाच की अंदाज कशावरून बांधलाय. इथे तुलना तुकड्याची आहे त्याच जातीच्या, त्याच भागातल्या, त्याच हाडाशी. याहून चांगली तुलना मिळत नाही. दुसऱ्या जातीची कवटी उसनी आणलेली नाही की नुसत्या दातावरून लांबी काढलेली नाही. आणि गिगाच्या कुळाचं, म्हणजे कार्कारोडोंटोसॉरिडांचं, शरीर कसं असतं याबद्दल आपण आता अंधारात नाही. गिगाच्याच न्यूकेन प्रांतातून 2006 मध्ये त्याच कुळातला मापुसॉरस प्रसिद्ध झाला, एकाच जागी किमान सात प्राण्यांची लहानमोठी हाडं. 2022 मध्ये त्याच कुळातला मेराक्सेस आला, 1.27 मीटरच्या चांगल्या टिकलेल्या कवटीसह.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे आणि तो सगळे विसरतात. रेक्सचे नमुने कित्येक डझन आहेत. शंभरहून जास्त वर्षं उत्तर अमेरिका खणून त्यातले सगळ्यात दांडगे दोन आपण पुढे करतो. गिगाचा धड सांगाडा एकच. जो पहिला हाती लागला तोच त्याच्या जातीतला सगळ्यात मोठा असण्याची शक्यता किती? जवळजवळ शून्य. त्यात दुसरा नमुना म्हणून फक्त एक तुकडा मिळतो आणि तोही मोठाच निघतो! यातून काय दिसतं? तुम्ही 13.2 खोडलेत की उरते ती निवडक रेक्स विरुद्ध सरासरी गिगा अशी लढत. त्याला तुम्ही सावधपणा म्हणता, मी पक्षपात म्हणतो.

हाडवैरी

दुसरा मुद्दा जोरदार आहे, पण तो उलटाही फिरतो. मॅलन आणि होन यांचा 2024 चा अभ्यास बघा. मगरींच्या आकारातल्या चढउतारावरून त्यांनी हिशोब केला की आजवर जन्मलेल्या रेक्समधला सगळ्यात मोठा 15 टनांचा असू शकेल, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्यात मोठ्यापेक्षा 70 टक्के जड. 2021 च्या एका अंदाजानुसार एकूण रेक्स जन्मले अडीच अब्ज. त्यातले कित्येक डझन मिळाले म्हणून मिरवायचं? म्हणजे गिगाचा मोठा सापडलेला नाही तसा रेक्सचाही नाही. मग पहिला-दुसरा नंबर कशाच्या बळावर लावता?

दख्खनी_बसाल्ट

नंबर लावू नका, कबूल. पण तुम्ही तर आकडाच पुसायला निघालात. दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

नाईलतीरे

आणि माझा स्पायनोसॉरस? 😤

गंमत नाही, या वादाचा खरा बाप तोच आहे. इजिप्तच्या बहारिया ओअॅसिसमधली हाडं 1912 मध्ये मिळाली, जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ श्ट्रोमरने 1915 मध्ये नाव दिलं, आणि एप्रिल 1944 मध्ये म्युनिकवरच्या बॉम्बहल्ल्यात ती संग्रहालयासकट गेली. उरली चित्रं, टिपणं आणि थोडे फोटो. मग 2005 मध्ये मिलानच्या संग्रहातल्या एका मुस्कटाच्या तुकड्यावरून लांबी काढली 16 ते 18 मीटर. कवटीचा उरलेला भाग ब्राझीलच्या इरिटेटरवरून भरला होता आणि कवटीला अंग किती लांब हे प्रमाण नायजरच्या सुकोमिमसवरून घेतलं होतं, दोघेही त्याचे भाऊबंद. दोनच वर्षांनी दुसऱ्यांनी कवटीच्या लांबीवरूनच हिशोब मांडला: लांबी 14.3 मीटरच्या आत, पण वजन 12 ते 21 टन! प्राणी आखूड झाला आणि जाडही झाला. 2014 मध्ये मोरोक्कोच्या सांगाड्याने कळलं की मागचे पाय भलतेच तोकडे. 2022 चा आकडा: 14 मीटर, 7.4 टन.

सतरा वर्षांत हा प्राणी 18 मीटरवरून 14 वर आला, मधेच 21 टनांना शिवून. धागाकर्त्यांनी खरं तर हे उदाहरण घ्यायला हवं होतं.

दख्खनी_बसाल्ट

उलट हे माझंच उदाहरण आहे. स्पायनोसॉरसचा अंदाज ढासळला कारण कवटी परक्या जातींवरून पुरी केली होती. गिगाच्या तुकड्यात तसं काही केलेलं नाही.

अटलांटाकर

इथल्या फर्नबँक म्युझियममध्ये गिगाच्या सांगाड्याची प्रतिकृती उभी आहे, शेजारी अर्जेंटिनोसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी. खाली उभं राहिलं की मान दुखते. पण मूळ हाडं 70 टक्के, म्हणजे प्रतिकृतीतला बाकीचा भाग कारागिरांनी घडवलेला. कुठे खरं हाड संपतं आणि कुठे अंदाज सुरू होतो, मला तरी ओळखता आलं नाही. लोक पुतळ्याकडे बघून लांबी विचारतात, तेव्हा उत्तरात कारागिराचाही हात असतो.

नर्मदेकाठी

परदेशातली हाडं मोजताय, जरा घरचीही बघा. गुजरातच्या रहियोलीतला मांसभक्षक राजासॉरस, 2003 मध्ये नाव मिळालं. कवटीचा मागचा भाग, काही मणके, कंबर आणि मागच्या पायांची हाडं. एवढ्यावर कुणी 11 मीटर म्हटलं, 2016 च्या हिशोबात तो 6.6 मीटर उरला. चाळीस टक्के गळाला.

त्याहून वरची कडी तमिळनाडूच्या कल्लमेडूची. तिथली अवाढव्य हाडं यादगिरी आणि अय्यासामी यांनी 1980 च्या दशकाअखेर बृहत्कायोसॉरस म्हणून जाहीर केली, मांसभक्षक म्हणून! नडगीचं हाडच दोन मीटर. तसा मांसभक्षक खरंच असता तर तुमचे रेक्स-गिगा त्याच्यापुढे पिल्लं ठरले असते. पुढे लक्षात आलं की हा लांब मानेचा शाकाहारी. आता ती हाडंही नाहीत, भुगा होऊन गेली. तरी 2023 मध्ये त्याचं वजन 110 टन आणि त्याहून वर काढलंच.

टायरंट_तात्या

भुग्याचं वजन 110 टन 🙏

चिंटूची_आई

तिसरीतल्या मुलासाठी तक्ता करायचाय. बाई म्हणाल्या लांबी लिहा. काय लिहू? भांडू नका, आकडा सांगा.

हाडवैरी

ताई, दोघांनाही "सुमारे 12 ते 13 मीटर" लिहा.

टायरंट_तात्या

आणि रेक्सच्या चित्राला जरा जास्त रंग द्या.

दख्खनी_बसाल्ट

मी 13.2 च लिहिलं असतं, शेजारी प्रश्नचिन्ह आणि "फक्त जबडा" अशी टीप. तिसरीतल्या मुलाला तेवढं नक्की कळतं.

हाडवैरी

प्रश्नचिन्ह ठेवा, दशांश तेवढा काढा.

दख्खनी_बसाल्ट

काढला. 13 उरले. रेक्सचाही काढा, 12 उरतात.