मदत हवी आहे: माघार घेतलेला डॉक्टर

नमस्कार मंडळी. जळगावात कृषी आणि मेडिकलच्या मुलांचा अभ्यासगट चालवतो. सध्याचा विषय: हुकूमशाहीत शास्त्रज्ञ-डॉक्टरांनी काय करावं?

कृषीवाल्यांसाठी स्टालिनकाळ घेतला. आनुवंशिकी नाकारणारा, स्टालिनच्या मर्जीतला कृषितज्ज्ञ लायसेन्को; त्याच्या विरोधातले वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह १९४० मध्ये पकडले गेले, १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात वारले. सोव्हिएत कृषी अकादमीच्या ऑगस्ट १९४८ च्या अधिवेशनात, युद्धात एक डोळा गमावलेले आनुवंशिकीतज्ज्ञ रापोपोर्ट आनुवंशिकीच्या बाजूने बोलले, पुढे नोकरी गेली. वनस्पतिशास्त्रज्ञ झुकोव्स्की मात्र आधी लायसेन्कोविरुद्ध बोलून शेवटच्या दिवशी जाहीर माघार घेऊन मोकळे. कपाशीचं संकरण शिकणारी पोरं भांडली ती याच झुकोव्स्कींवरून!

मेडिकलवाल्यांना नाझी डॉक्टरांवरचा न्यूरेंबर्गचा डॉक्टर खटला (१९४६-४७, २३ आरोपी, ७ जणांना फाशी) दिला, पण सगळे एकाच बाजूला. चर्चा लगेच आटोपली. त्यामुळे ऑशविट्झ छळछावणीतला नाझी डॉक्टर मेंगेले वगैरे कृपया सुचवू नका, सरळ हुतात्मेही नकोत.

देश कुठलाही चालेल, नोंदी मात्र पक्क्या हव्यात. मुलांचं इंग्रजी बेताचं आहे, मराठीत दोन-चार पानं मिळाली तर सोन्याहून पिवळं. वरवर सही करून खुर्ची राखली आणि त्या जोरावर आतून रुग्ण वाचवले, असा डॉक्टर कोणाला माहीत आहे का?